हायस्कूल बेसबॉल : बॉक पुकारला आणि होमरन गेला, हा कुठला न्याय?

निवडुंग
नमस्कार मंडळी. इथे बेसबॉलवर फारसं कुणी लिहीत नाही, पण अमेरिकेत मुलं वाढवणारे बरेच जण आहेत म्हणून विचारते.

मुलगा यंदा हायस्कूलच्या व्हर्सिटी (मुख्य) टीममध्ये आहे (न्यू जर्सी). शनिवारचा सामना, शेवटून दुसरा इनिंग, आम्ही एका रनने मागे, आमचा रनर सेकंड बेसवर. समोरच्या पिचरने हात एकत्र आणले, थांबला न थांबला आणि बॉल टाकला. लेकाने तो लेफ्ट फील्डच्या कुंपणापलीकडे भिरकावला. आम्ही सगळे उभे राहून ओरडतोय आणि बेसजवळचा अंपायर दोन्ही हात वर करून "बॉक! बॉक!" (म्हणजे पिचरने काही बेकायदा केलं) करत पुढे येतोय. मला वाटलं, चूक त्यांची, म्हणजे आपलं काही बिघडत नाही. कसलं काय! होमरन रद्द. रनरला सेकंडवरून थर्डवर पाठवलं आणि मुलाला पुन्हा बॅट घेऊन उभं केलं. मग तो आउट झाला आणि सामना गेला.

नवरा म्हणतो टीव्हीवर असं होत नाही, तिथे होमरन धरतात. कोच काही बोलायला तयार नाहीत. चूक पिचरची आणि शिक्षा बॅटरला, हे मला कुणी तरी समजावून सांगा. आणि मुळात त्या पोराने चूक तरी काय केली होती? मला तर नेहमीसारखाच टाकलेला दिसला.

बेरकी_बोका
सामना हरलं की अंपायर चोर. आमच्याकडे गल्लीतही हेच. (पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.)

पाचवा_बेस
निवडुंग, वाचून वाईट वाटलं, पण तुम्ही सांगताय तसंच झालं असेल तर नियम बरोबर लावलाय. मी ओहायोत हायस्कूलच्या सामन्यांना अंपायर म्हणून उभा राहतो. पोटापाण्याचा उद्योग वेगळा, हा शनिवारचा.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. टीव्हीवरचं बेसबॉल आणि शाळेचं बेसबॉल यांची नियमपुस्तकं वेगवेगळी आहेत. शाळांचं पुस्तक नॅशनल फेडरेशन ऑफ स्टेट हायस्कूल असोसिएशन्स, म्हणजे एनएफएचएस, काढते. १९२० पासूनची संस्था आहे, कचेरी इंडियानापोलिसला. बहुतेक राज्यं तेच पुस्तक वापरतात. मैदान मेजर लीगएवढंच (म्हणजे टीव्हीवरच्या व्यावसायिक लीगएवढंच) असतं, बेसमधलं अंतर ९० फूट, पिचरचं रबर (ज्या पट्टीवर पाय ठेवून तो टाकतो ती) बॅटरजवळच्या होम प्लेटपासून ६० फूट ६ इंच. त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं सगळं तेच आहे. पण बॉक आला की दोन्ही पुस्तकांच्या वाटा वेगळ्या होतात.

एनएफएचएसमध्ये बॉक घडला त्या क्षणी बॉल डेड, म्हणजे खेळ थांबला. अंपायर ओरडला तेव्हा नाही, बॉक घडला तेव्हा. पुढे जे काही झालं ते झालंच नाही असं धरायचं. बॅटरने फोडला, चुकवला, पिचरचा थ्रो पहिल्या बेसवरून कुंपणात गेला, काहीही असो. सगळे रनर एकेक बेस पुढे, बॅटरचा काउंट (बॉल आणि स्ट्राइकची मोजणी) होता तसाच, आणि खेळ पुन्हा सुरू.

मेजर लीगमध्ये तसं नाही. बॉक पुकारला तरी पिच गेला असेल तर बॉल चालू राहतो. बॅटरसकट सगळे रनर निदान एक बेस पुढे गेले तर बॉक विसरून जायचं. तसं झालं नाही तर मागे यायचं आणि बॉकचा दंड लावायचा. म्हणून यजमान म्हणताहेत तेही खरं आहे. तो होमरन मेजर लीगमध्ये टिकला असता.

निवडुंग
म्हणजे आमचे दोन रन नियमाने गेले. बरं. पण असा नियम ठेवण्यामागे काही विचार असेल ना?

पाचवा_बेस
हे माझं मत म्हणून वाचा, पुस्तकात कारण छापलेलं नसतं. शाळेच्या सामन्यात बहुतेक वेळा दोनच अंपायर असतात, एक प्लेटमागे आणि एक मैदानात. बॉकची हाक ऐकली की अर्धी पोरं जागीच थांबतात, अर्धी पळत राहतात. बॉल चालू ठेवला तर कोण हाक ऐकून थांबलं, कोण कुठल्या बेसपर्यंत पोचलं असतं, यावर प्रत्येक वेळी पंचायत बसेल. बॉल डेड केला की प्रश्न मिटतो. त्यात तुमच्या मुलाच्या होमरनसारखा अन्याय कधी तरी होतो, हे मला मान्य आहे. माझ्या सामन्यात असं झालं तेव्हा घसा कोरडा पडला होता, पण हात वर करावाच लागतो.

गल्लीबोलर
पुण्यातून नमस्कार. बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, तरी धागा वाचतोय. बॉक म्हणजे नो-बॉलच ना? मग नो-बॉलवर मारलेला सिक्स जसा धरतात तसा हा का नाही धरत?

पाचवा_बेस
गल्लीबोलर, प्रश्न नेमका गाभ्यातला आहे. नो-बॉल हा बॅट्समनवरचा अन्याय असतो, म्हणून भरपाईही त्याला. बॉक हा रनरवरचा अन्याय आहे. बॅटरचा त्यात संबंधच नाही. बेसवर एकही रनर नसेल तर बॉक होतच नाही! पिचरने बेकायदा पिच टाकला तर तेव्हा बॅटरला फक्त एक "बॉल" मिळतो, म्हणजे त्याच्या बाजूने मोजलेला एक चुकीचा पिच.

आता रनरचा काय संबंध ते. पहिल्या बेसवर रनर आहे. तो बेसला चिकटून उभा राहत नाही, दहा-बारा फूट पुढे सरकून उभा राहतो, याला लीड म्हणतात. पिचरने होम प्लेटकडे टाकायला सुरुवात केली की हा दुसऱ्या बेसकडे सुटणार, चोरी करणार. पिचर ते थांबवायला मध्येच पहिल्या बेसवर बॉल फेकू शकतो, तो पिकऑफ. आता विचार करा, पिचरला हवी तशी हूल देता आली असती, टाकतोय टाकतोय म्हणून अर्ध्यात थांबता आलं असतं, तर रनर बेसवरून पाऊल उचलूच शकला नसता. चोरी हा प्रकारच संपला असता. म्हणून नियम असा की पिचरने रबरवर पाय ठेवून एक गोष्ट सुरू केली की ती पुरी करायची. होमकडे निघाला तर होमकडेच टाकायचं. पहिल्या बेसकडे निघाला तर तिथे फेकायचंच.

गल्लीबोलर
आत्ता उजेड पडला. म्हणजे नॉन-स्ट्रायकर आधी क्रीज सोडतो त्याच्या बरोबर उलटं. आमच्याकडे बॉलरला सूट आणि पळणाऱ्याला दम, तुमच्याकडे पळणाऱ्याला सूट आणि बॉलरला दम. विनू मांकडांनी १९४७ मध्ये सिडनीला बिल ब्राउनला असं रनआउट केलं, त्याचा वाद अजून मिटलेला नाही.

बेरकी_बोका
झालं. मांकड आले. आता धागा शंभरी गाठणार.

चकलीभाजणी
मांकड नंतर, आधी माझा प्रश्न. (टेक्सास, मुलगा नववीत, डावखुरा पिचर.) लिटिल लीगमध्ये बारा वर्षांपर्यंत याने कधी "बॉक" हा शब्दही ऐकला नव्हता. आता हायस्कूलला आल्यापासून दर सामन्यात कुणी तरी ओरडतं. याने अचानक काय वेगळं करायला घेतलं?

पाचवा_बेस
त्याने काहीच नाही, खेळ बदलला. लिटिल लीगच्या त्या छोट्या मैदानावर (बेस ६० फुटांवर, पिचर ४६ फुटांवर) बॉल बॅटरपर्यंत पोचेपर्यंत रनरला बेस सोडताच येत नाही. लीड नाही, म्हणून हूल नाही, म्हणून बॉकही नाही. मैदान मोठं झालं, लीड सुरू झाली की बॉक मागोमाग येतो. मुलांना त्याआधी वर्षानुवर्षं कसंही टाकायची सवय लागलेली असते, ती एका हिवाळ्यात मोडायची म्हणजे अवघडच.

डावखुऱ्याचं थोडं सविस्तर सांगतो, कारण निम्मी भांडणं त्यावरूनच होतात. डावखुरा पिचर सेट घेऊन (टाकण्याआधी हात एकत्र आणून थांबण्याची पोझ) उभा राहिला की त्याचं तोंड थेट पहिल्या बेसकडे असतं. रबरवर डावा पाय, उजवा मोकळा. तो उजवा पाय उचलतो तेव्हा रनरला कळत नाही की हा होमकडे जाणार की आपल्याकडे. हा त्याचा नैसर्गिक फायदा आहे आणि नियम तो हिरावून घेत नाही. पण दोन अटी आहेत.

पहिली, मोकळा पाय ज्या बेसकडे फेकायचंय त्या दिशेने थेट पडला पाहिजे. थेट म्हणजे किती? पुस्तकात अंश दिलेले नाहीत. अंपायर मनात रबरपासून पहिला बेस आणि होम यांच्या मधोमध ४५ अंशांची रेघ मारतात. पाय त्या रेघेच्या पहिल्या बेसच्या बाजूला पडला तर चालवून घेतात, होमच्या बाजूला पडून बॉल पहिल्या बेसला गेला तर बॉक. पोरं नेमकी तिथेच कापाकापी करतात, पाय होमकडे आणि हात पहिल्या बेसकडे.

दुसरी, मोकळा पाय उचलताना तो अख्खा रबरच्या मागच्या कडेपलीकडे गेला तर आता पहिला बेस विसरायचा. होमकडेच टाकायचं. अपवाद एकच, दुसऱ्या बेसवरच्या रनरला आउट करायला तिकडे वळणं. उंच पाय उचलणाऱ्या मुलांचा गुडघा मागे जातो आणि त्याबरोबर पाऊलही जातं, स्वतःला पत्ताही लागत नाही. कोचला सांगा, पहिल्या बेसच्या बाजूने फोनवर व्हिडिओ घ्या. पाच मिनिटांत दिसेल.

चकलीभाजणी
बापरे, पाऊल मागे जातं हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. सगळे नुसते "त्याला थांबायला सांगा" म्हणत होते. धन्यवाद दादा.

अर्धाकप
हाय सगळ्यांना. माझी मराठी आजीकडून आलेली आहे, चुका समजून घ्या. मी हायस्कूलमध्ये पिचर होतो (उजवा), आता कॉलेजमध्ये फक्त इंजिनियरिंग खेळतो.

निवडुंग आंटी, तुम्ही लिहिलं "थांबला न थांबला". तोच बॉक आहे. सेटमध्ये हात एकत्र आणले की पूर्ण थांबायचं. हात खाली आले आणि लगेच वर गेले, तर दिशा बदलली, थांबला नाही. पुस्तकात तसं स्पष्ट लिहिलंय. आम्हाला कोच मनात "वन थाउजंड वन" म्हणायला लावायचा. पण रनर सेकंडवर असला आणि क्लोज गेम असला की ते "वन थाउजंड" सुद्धा पूर्ण होत नाही. हृदय खूप जोरात असतं. त्या मुलाने चीटिंग केलं असं मला वाटत नाही, घाई केली.

टीव्ही बघून शिकलेल्या अजून काही गोष्टी आमच्या टीममध्ये सगळ्यांना नडल्या. टीव्हीवरचे पिचर ग्लोव्ह तोंडासमोर, नाकापर्यंत धरून थांबतात. हायस्कूलमध्ये सेटला थांबताना ग्लोव्ह हनुवटीच्या खाली किंवा हनुवटीला हवा. वर असला तर बेकायदा पिच, आणि रनर असेल तर बॉक. खांद्याचंही तसंच. हात एकत्र येण्याआधी खांदे वळवून रनरकडे बघितलं तर ओके. हात एकत्र आल्यावर फक्त डोकं वळवायचं. खांदा वळला की बॉक. माझे पहिले दोन बॉक खांद्याचेच होते आणि दोन्ही वेळा मला वाटलं अंपायर वेडा आहे.

आणि वाइंडअप, म्हणजे सेट न घेता टाकायची दुसरी पद्धत! टीव्हीवर पिचर वाइंडअपमध्ये उभा राहूनही बेसवर फेकू शकतो. हायस्कूलमध्ये नाही. वाइंडअपमध्ये उभा असशील तर दोनच गोष्टी, पिच टाक नाहीतर रबरवरचा पाय मागे काढून बाजूला हो. थर्डवर रनर होता, मी वाइंडअपमधून थर्डला फेकलं. रनर चालत चालत घरी आला, आमच्या कोचकडे बघून हसला पण.

गल्लीबोलर
अर्धाकप, मराठी झकास आहे. "इंजिनियरिंग खेळतो" तर वहीत उतरवून ठेवलं.

जुनाखोंड
मी शिकागोला ऐंशीच्या दशकापासून आहे, बेसबॉल तेव्हापासून बघतो. वरची सगळी चर्चा वाचून मला १९८८ आठवलं. मेजर लीगने त्या वर्षी सेटमधल्या थांब्याचा नियम कडक केला. नुसता थांबा नको, दिसेल असा थांबा हवा. मग काय, अंपायर लोकांनी हात वर करायचा सपाटाच लावला. त्या सीझनमध्ये ९२४ बॉक पुकारले गेले, आधीच्या वर्षाच्या दुपटीहून जास्त. ओकलंडच्या डेव्ह स्टुअर्टच्या एकट्याच्या नावावर १६. ज्याच्या पिचिंगमध्ये कुणाला कधी खोट दिसली नव्हती तोही गुन्हेगार ठरला. पुढच्या वर्षी शब्द मागे घेतले आणि सगळं निवळलं.

माझं म्हणणं एवढंच की बॉकचा नियम अक्षरशः लावला तर खेळ चालत नाही. १९६१ च्या ऑल-स्टार सामन्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कवर स्टू मिलर उभा होता. वाऱ्याचा असा झोत आला की गडी जागच्या जागी हलला. बॉक! पेपरवाल्यांनी मग वाऱ्याने त्याला माउंडवरून (पिचरच्या उंचवट्यावरून) उडवून लावल्याची कहाणी केली, प्रत्यक्षात जरासा झुलला होता. रनर पुढे गेले. सामना मात्र त्याच्याच संघाने जिंकला आणि विजयी पिचरही तोच. आता यात रनरला फसवलं कुणी, वाऱ्याने?

पाचवा_बेस
जुनाखोंड काका, तुमच्या पहिल्या मुद्द्याशी मी पूर्ण सहमत नाही. १९८८ मध्ये वर्षानुवर्षं सवय झालेल्या व्यावसायिक पिचरांवर अचानक काठी उगारली, म्हणून गोंधळ झाला. शाळेच्या पुस्तकात मात्र "पूर्ण आणि दिसेल असा थांबा" हे शब्द आजही आहेत आणि खेळ व्यवस्थित चालतो. मुलं शिकत्या वयाची असतात, त्यांना तो थांबा पहिल्यापासून शिकवता येतो. "हा चालवून घेतो, तो नाही घेत" असं झालं तर मुलांचेच हाल. सोमवारी एक अंपायर, गुरुवारी दुसरा.

जुनाखोंड
तेच तर म्हणतोय! सोमवारी एक, गुरुवारी दुसरा, हेच आज चालू आहे. थांबा दिसला की नाही दिसला हे शेवटी कुणाच्या तरी डोळ्यांवर. मेजर लीगमध्येही तेच. २७ सप्टेंबर २०२२, मायामीचा रिचर्ड ब्लायर न्यूयॉर्क मेट्सविरुद्ध. त्याआधी अख्ख्या कारकीर्दीत एकही बॉक नाही. त्या रात्री एकाच बॅटरला पिच करताना पहिल्या बेसच्या अंपायरने त्याच्यावर तीन बॉक पुकारले. जेफ मॅकनील पहिल्या बेसवर होता, तो एक एक करत चालत घरी आला. बॉलला बॅट न लागता रन! आता सांगा, तीस पस्तिशीचा माणूस त्या एका बॅटरपुरता थांबायला विसरला, की बघणाऱ्याने त्या दिवशी चष्मा बदलला होता?

पाचवा_बेस
ब्लायरच्या बाबतीत तुमचं ऐकतो. मलाही तो प्रकार पटलेला नाही.

बेरकी_बोका
एक शंका. हायस्कूलमध्ये बॉक झाला की बॉल डेड आणि होमरन रद्द. मग मी पिचर असतो आणि समोर फोडू बॅटर असता तर प्रत्येक वेळी मुद्दाम बॉक करून टाकला असता. मारला तर रद्द, नाही मारला तरी मजा. बरोबर?

पाचवा_बेस
बोका, हिशोब करून बघा. प्रत्येक बॉकला सगळे रनर एक बेस पुढे. थर्डवर रनर असेल तर तुम्ही प्रत्येक वेळी फुकट रन वाटताय, आणि बॅटर तिथेच उभा, काउंट जैसे थे. स्ट्राइकसुद्धा मिळत नाही. मुद्दाम वारंवार केलं तर अंपायर आणि तुमचाच कोच, दोघंही गप्प बसणार नाहीत.

जुनाखोंड
पण मुद्दाम बॉक झालेत बरं का. जून २०१९, डॉजर्सचा केन्ली जॅन्सन, समोर शिकागोचा आमचा कब्स संघ. नववा इनिंग, डॉजर्स दोन रनांनी पुढे, दोन आउट, जेसन हेवर्ड सेकंडवर. सेकंडवरच्या रनरला कॅचरच्या खुणा दिसतात, त्या तो बॅटरला कळवेल म्हणून जॅन्सनने मुद्दाम बॉक करून त्याला थर्डवर पाठवलं! त्याच्या रनाची किंमत तेव्हा शून्य होती. डोकं बघा. आम्ही हरलो ते हरलोच.

बेरकी_बोका
हे मात्र आवडलं. दंडवत.

चकलीभाजणी
अजून एक. समोरच्या टीमचा एक पिचर थर्डकडे पाय टाकून फेकल्यासारखं करायचा आणि गर्रकन वळून पहिल्या बेसला फेकायचा. आमची रनर मंडळी दर वेळी फसायची. आम्ही घसा फाटेस्तोवर "बॉक" ओरडलो, अंपायर ढिम्म. हा तर सरळ सरळ फसवणुकीचा प्रकार ना?

पाचवा_बेस
फसवणूक आहे, पण कायदेशीर. शाळेच्या पुस्तकात दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसकडे हूल देता येते, पाऊल तिकडे नीट पडलं पाहिजे आणि तिथे रनर असला पाहिजे. फक्त पहिल्या बेसकडे रबरवरून हूल देता येत नाही, तिकडे पाय टाकला की फेकणं भाग आहे. मेजर लीगने तिसऱ्या बेसची हूल २०१३ पासून बंद केली, त्यामुळे टीव्ही बघणाऱ्यांना हायस्कूलमधली हूल बेकायदा वाटते. म्हणजे निवडुंगच्या बाबतीत शाळेचं पुस्तक जास्त कडक आणि तुमच्या बाबतीत जास्त सैल. उलट २०२३ पासून मेजर लीगमध्ये पिचरला एका बॅटरमागे दोनदाच रबर सोडायची किंवा पिकऑफची मुभा आहे, तिसऱ्यांदा केलं आणि रनर आउट झाला नाही तर बॉक. शाळेत ती मर्यादा नाही. हवं तितक्या वेळा पहिल्या बेसवर फेका.

आणि हो, प्रेक्षकांतून "बॉक" ओरडण्याने काही होत नाही. पण डगआउटमधल्या (टीमच्या बसायच्या जागेतल्या) कुणी पिचरला गोंधळवायला "टाइम" वगैरे ओरडून बॉक करवायचा प्रयत्न केला तर ते खिलाडूवृत्तीविरुद्ध धरतात आणि कारवाई ओरडणाऱ्यावर होते. हे मुद्दाम सांगतोय, कारण पालक कधी कधी डगआउटच्या जाळीला नाक लावून उभे असतात.

निवडुंग
ते जाळीचं माझ्यासाठीच होतं हे कळलं हो.

असो. नियम समजला, पटला मात्र नाही. मेजर लीगसारखं बॅटरच्या बाजूला पर्याय ठेवला असता तर काय बिघडलं असतं? कुंपणापलीकडे गेलेल्या बॉलला कसली पंचायत आणि कसला गोंधळ? निदान होमरनपुरता तरी अपवाद ठेवा. आणि कोचनी आवाज उठवायला हवा होता असं मला अजूनही वाटतं.

पाचवा_बेस
होमरनचा अपवाद करा हे मलाही चालेल, खरं सांगतो. पण कोचवर राग नको. बॉक झाला की नाही हा अंपायरचा निर्णय, त्यावर वाद घालता येत नाही. नियम चुकीचा लावला असं वाटलं तर हेड कोच पुढचा पिच पडण्याआधी टाइम मागून विचारू शकतात. इथे नियम बरोबर लागला होता, त्यांना माहीत असणार, म्हणून गप्प राहिले.

अर्धाकप
मी एक ॲड करतो? रबरवरून पाय मागे काढून बाजूला झालं की पिचर इन्फिल्डर होतो, मग बॉक नाही, पहिल्या बेसला हूल पण चालते. सगळे कोच सांगतात, डाउट आला की पाय मागे काढ. पण त्यात एक खड्डा आहे. रबरवरून फेकलेला पिकऑफ कुंपणाबाहेर गेला तर रनरला एक बेस. पाय मागे काढून फेकला आणि बाहेर गेला तर दोन बेस. उडी मारून वळून फेकलेला रबरवरूनच धरतात. मला हे कळलं तोपर्यंत सीझन संपला होता.

पाचवा_बेस
अगदी बरोबर. शिवाय पाय नेहमी मागेच काढायचा, पुढे किंवा बाजूला नाही, तो बॉक. बॉल हातात नसताना रबरवर किंवा त्याच्या पाचेक फुटांच्या आत उभं राहणं हाही बॉक. बॉल लपवायची जुनी युक्ती (पहिल्या बेसवाल्याच्या ग्लोव्हमध्ये बॉल आणि पिचर माउंडवर उगाच माती उकरतोय) त्यामुळेच मोठ्या मुलांच्यात सहसा जमत नाही.

गल्लीबोलर
शेवटची शंका, मग मी माझ्या आयपीएलकडे जातो. हातातून बॉल नुसता निसटला तर? मुद्दाम नाही, सुटला.

पाचवा_बेस
रबरवर पाय असताना सुटला, रनर बेसवर आहे, आणि बॉल कुठलीही फाउल लाइन (मैदानाच्या दोन कडांच्या रेघा) न ओलांडता थांबला, तर बॉक. मुद्दाम की चुकून, हे बघत नाहीत. गडगडत लाइन ओलांडली तर तो पिच धरतात, बॅटरला एक "बॉल". मार्च-एप्रिलमध्ये इकडे थंडीने बोटं बधिर होतात तेव्हा हे होतं. पिचर, कॅचर, दोन्ही डगआउट, सगळे त्या गडगडणाऱ्या बॉलकडे बघत उभे असतात, कुणी आवाज करत नाही.

चकलीभाजणी
आणि बॅटरच मध्येच बॉक्सबाहेर गेला म्हणून पिचर थबकला तर? आमच्याकडे काल हेच झालं आणि दोन्ही कोच मैदानात.

पाचवा_बेस
बॉक नाही. बॅटरने एक पाय बाहेर काढला किंवा हात वर करून टाइम मागितला आणि पिचर अडखळला, तर कुणालाच दंड नाही, पुन्हा सुरू करायचं. दोन्ही पाय बाहेर काढले तर बॅटरवर स्ट्राइक. आणि पिचर न अडखळता नियमाप्रमाणे टाकून मोकळा झाला तर तो पिच कुठेही पडो, स्ट्राइकच, आणि बॉल चालू.